पाण्याचा कर आणि संत्र्याचा कर

दिवाळी झाली आणि एकाच आठवड्यात मला दोन प्रश्न आले. पहिला काटोलहून, मामेभावाचा. त्याचा संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला होता आणि नागपूरच्या कळमना बाजारातला व्यापारी बागेत येऊन पडेल भाव बोलून गेला होता. "भाऊ, तू पोरायले अर्थशास्त्र शिकवतं ना? मंग सांग, हे बांगलादेशवाले आपल्या संत्र्यावर एवढा कर काहून लावून राहिले? आपण काय घोडं मारलं त्यायचं?"

दुसरा आइंडहोवनहून. शेजारच्या वहिनींची मुलगी दीड वर्षापूर्वी नेदरलँड्समध्ये नोकरीला गेली. तिने एका पत्राचा फोटो पाठवला. डच भाषेतलं पत्र तिने फोनवरच मराठी करून घेतलं होतं. त्यात तिच्याकडून 'पाणी मंडळाचा कर' मागितला होता. "काका, नळाचं बिल तर मी वेगळं भरते. मग हे कशाचं? माझ्या घरात पाणी शिरायची भीतीच नाही."

दोघांनाही मी तेव्हा थातूरमातूर उत्तर देऊन मोकळा झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, अरे, हे एकाच गणिताचे दोन तुकडे आहेत. दोन्ही देश नद्यांच्या मुखाशी, चिखलात वसलेले. दोन्ही सपाट, दोन्हीकडे माणसांची दाटी, दोन्हीकडे समुद्र उशाशी. एक देश घराघरातून पाण्यासाठी पैसे गोळा करतो, दुसरा सीमेवर ट्रक अडवून संत्र्यावर घेतो. असं का, हे नीट कळलं तर या दोन देशांमधला बहुतेक फरक कळतो. म्हणून हा लेख.

आधी आकार बघू. चौरस किलोमीटर डोक्यात राहत नाहीत, म्हणून विदर्भाचं माप घेतो. आपले ११ जिल्हे मिळून साधारण ९७ हजार चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २ कोटी ३० लाख. नेदरलँड्स पाण्यासकट साडेएक्केचाळीस हजार, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहून कमी. त्यात माणसं १ कोटी ८० लाख. बांगलादेश साधारण दीड विदर्भाएवढा आणि माणसं १७ कोटी. अमरावती आणि नागपूर विभागात अख्खा महाराष्ट्र आणून बसवा, मग ती दाटी लक्षात येईल. युरोपात नेदरलँड्स दाटीवाटीचा देश समजला जातो, पण बांगलादेशात दर चौरस किलोमीटरला १,३०० च्या आसपास माणसं राहतात, म्हणजे नेदरलँड्सच्या दुपटीहून जास्त.

आता उंची. झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे आपण पाहुण्यांना दाखवतो, पण बाजूचा छोटा दगड कोणी बघत नाही. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटर. नेदरलँड्सचा सगळ्यात उंच डोंगर ३२२ मीटरचा आहे. (कॅरिबियन समुद्रातली त्यांची बेटं सोडून बोलतोय.) म्हणजे सीताबर्डीच्या रस्त्यावर आपण स्कूटर लावतो, त्याहून त्यांचं 'शिखर' फक्त ११ मीटर वर आहे. तीन मजली बिल्डिंग झाली. आणि सगळ्यात खालची जमीन समुद्राच्या पातळीच्या पावणेसात मीटर खाली. ही मुलगी ज्या स्किफोल विमानतळावर उतरली, तो १८५२ साली उपसून कोरड्या केलेल्या तलावाच्या तळाशी आहे. विमान तिथे समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली टेकतं. देशाची चौथाई जमीन अशी समुद्राखाली आहे.

बांगलादेशात समुद्राच्या खालची जमीन फारशी नाही, पण बहुतेक देश दहा मीटरच्या आत आहे. तिथे साध्या पावसाळ्यातसुद्धा देशाचा पाचवा हिस्सा पाण्याखाली जातो आणि लोक ते धरूनच चालतात. १९९८ साली दोन तृतीयांश देश बुडाला होता.

इथवर दोघे भाऊ-भाऊ वाटतात. गंमत पुढे आहे आणि ती गाळात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून दरवर्षी साधारण १०० कोटी टन गाळ खाली आणतात. हिमालय झिजतो आणि तो इथे येऊन पसरतो. ऱ्हाईन नदीचा गाळ याच्यापुढे चिमूटभर. म्हणून डच शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी बांध घातला, आतलं पाणी पवनचक्कीने उपसलं, की जमीन त्याची झाली. बांगलादेशात नदी एका बाजूला गाव गिळते आणि पलीकडे नवं बेट काढून देते. त्याला 'चर' म्हणतात. चरावर जमिनीचा सातबारा कोणाचा, यावरून लाठ्याकाठ्या चालतात. ज्या देशात जमीनच एका जागी थांबत नाही, तिथे जमिनीवर कर लावणंही सोपं नसतं. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

आता बांधांची गोष्ट, कारण माझ्या मते हीच सगळ्यात शिकण्यासारखी आहे.

१९५३ च्या जानेवारीची शेवटची रात्र. उत्तर समुद्रात वादळ उठलं, भरतीच्या वेळीच आलं, बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी 'डेल्टा' नावाची कामं काढली, ती १९९७ पर्यंत चालली. खाड्यांच्या तोंडावर दारं बसवली. त्यातलं पूर्व शेल्ट खाडीवरचं धरण आधी पूर्ण बंद करायचं ठरलं होतं. कालवं पकडणाऱ्या मच्छीमारांनी आणि निसर्गप्रेमींनी आरडाओरडा केला, तेव्हा आराखडा बदलून त्यात ६२ दारं ठेवली, जी एरवी उघडी असतात आणि वादळातच बंद करतात. खर्च खूप वाढला, १९८६ उजाडलं, पण खाडी जिवंत राहिली.

१९७० च्या नोव्हेंबरात भोला वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावर आलं. मेलेल्यांची नीट मोजणीसुद्धा झाली नाही. अंदाज ३ लाखांपासून ५ लाखांपर्यंत जातात. एकीकडे १,८३६ हा शेवटच्या माणसापर्यंतचा आकडा आणि दुसरीकडे दोन लाखांची घट-वाढ असलेला अंदाज. वर्गात मी मुलांना सांगतो, की गरिबी ओळखायची असेल तर आकडा किती मोठा हे नंतर बघा, आकडा किती नेमका आहे हे आधी बघा.

बरं, बांगलादेशात बांध नव्हते असं नाही. १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावर डच पद्धतीने बांध घालायला सुरुवात झाली होती. बांधाने वेढलेल्या जमिनीला डच भाषेत 'पोल्डर' म्हणतात. तोच शब्द खुलना-बरिशालच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. असे १३९ पोल्डर झाले. पहिली काही वर्षं छान गेली, खारं पाणी थांबलं, भात पिकला. मग गाळाने आपला हिशोब काढला. पूर्वी भरतीबरोबर शेतात पसरणारा गाळ आता बांधाबाहेर नदीच्या पात्रातच बसायला लागला. नदी वर उचलली गेली, आतली जमीन खचत गेली. पाऊस पडला की पाणी आत कोंडायचं, बाहेर जायला वाटच नाही. बशीत पाणी ओतल्यासारखं. खुलन्याजवळ बिल डाकातिया नावाचा सखल भाग आहे (बंगालीत 'बिल' म्हणजे पाणथळ सखल जागा), तिथले लोक वर्षानुवर्षं पाण्यात राहिले आणि १९९० साली त्यांनी स्वतःच कुदळ घेऊन बांध फोडला. भरती आत आली, सोबत गाळ आला, काही वर्षांत जमीन वर आली. सरकारी इंजिनिअर आधी चिडले. नंतर तीच गोष्ट त्यांच्या योजनेत शिरली: एक बिल काही वर्षं भरतीसाठी उघडं ठेवायचं, गाळाने भरलं की दुसरं उघडायचं. जुन्या काळी बंगालचे शेतकरी असंच करत, आठ महिन्यांचे कच्चे बांध घालून.

म्हणजे बाजूच्या वर्गातल्या हुशार मुलाची वही जशीच्या तशी उतरवली आणि पेपर वेगळा निघाला. डच लोकही पुढे वहीत खाडाखोड करायला लागलेच. १९९५ साली नद्या इतक्या फुगल्या, की अडीच लाख लोकांना घरातून हलवावं लागलं. मग बांध आणखी उंच करण्याऐवजी त्यांनी ३० हून जास्त ठिकाणी नदीला जागा परत दिली. काही बांध मागे सरकवले, काही शेतं नदीला सोडली. शेतकऱ्यांना मोबदला मिळाला, तरी पिढ्यानपिढ्यांचं घर सोडताना कोणी टाळ्या वाजवल्या नसतील.

हे लिहिताना माझी नजर आमच्या बैठकीतल्या भिंतीवर जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या गल्लीत आली. पलंगाच्या उंचीची मातीची रेघ दोनदा रंग दिला तरी कपाटामागे अजून आहे. समुद्रापासून इतक्या दूर, ३११ मीटर उंचीवर बसून आमचा फ्रिज तरंगला. उंची फार कामाची नसते, पाण्याला वाट लागते. नदीला दोन भिंतींत कोंबून तिच्या पात्रालगत बांधकाम केलं, की डेल्टा कुठेही तयार होतो.

आता पैसा. नेदरलँड्सचं वर्षाचं एकूण उत्पन्न, ज्याला आपण जीडीपी म्हणतो, २०२३ साली साधारण १ लाख १५ हजार कोटी डॉलर होतं. बांगलादेशचं ४४ हजार कोटी डॉलरच्या आसपास. डोक्यामागे भागाकार केला तर एकीकडे ६४ हजार डॉलर, दुसरीकडे अडीच हजारांच्या जरा वर. पंचवीस पट फरक. जाता जाता, भारताचा आकडाही अडीच हजारांच्याच आसपास आहे, तेव्हा बांगलादेशकडे बघताना मान फार वर करू नये.

पण पंचवीस पट म्हणजे तिथला माणूस आपल्यापेक्षा पंचवीस पट जास्त जेवतो का? इथे तर्री पोहे घ्या. आमच्या चौकातल्या गाड्यावर चाळीस रुपयांत प्लेट मिळते, वर चार चणे जास्त मागितले तरी तो काही म्हणत नाही. आइंडहोवनला तेवढाच नाश्ता बाहेर खायचा तर सात-आठ युरो मोजावे लागतात, म्हणजे सातशे-आठशे रुपये. पोट दोघांचं सारखंच भरतं, पण जीडीपीत तिकडची प्लेट वीस पट मोठी दिसते. पोहे, कटिंग, घरभाडं या गोष्टी सीमा ओलांडत नाहीत, त्यामुळे त्यांचे भाव त्या त्या देशाच्या पगारावर ठरतात. अर्थशास्त्रज्ञ हा फरक काढून टाकून पुन्हा हिशोब मांडतात, त्याला क्रयशक्तीचा हिशोब म्हणतात. तो केला की पंचवीस पटीचा फरक नऊ पटीच्या आसपास येतो. नऊ पटही थोडी नाहीच. पण 'पंचवीस पट' ऐकून डोळे पांढरे होतात, तेवढे करायची गरज नाही.

मात्र एक पेच आहे. पोह्यांची प्लेट सीमा ओलांडत नाही, पण यंत्र ओलांडतं, औषध ओलांडतं, पेट्रोल ओलांडतं. बंधाऱ्याचं दार बसवायला जी क्रेन लागते, तिचा भाव ढाक्यात आणि रॉटरडॅममध्ये एकच असतो. तिथे पुन्हा पंचवीस पटीचाच हिशोब लागतो. गरीब देशाला जगणं स्वस्त पडतं आणि बांधणं महाग.

आता माझ्या दोन प्रश्नकर्त्यांकडे येतो. देशात १०० रुपये तयार झाले, तर त्यातले सरकारच्या हातात किती येतात? नेदरलँड्समध्ये ३९ च्या आसपास. भारतात केंद्र आणि राज्यं मिळून १७-१८. बांगलादेशात जेमतेम ८. जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी हा एक.

डच लोकांना कर भरायची हौस आहे असं समजू नका, तिथेही लोक कुरकुरतात. फरक सवयीचा आहे आणि ती सवय पाण्याने लावली. तेराव्या शतकात, राजा-सरकार धड नसताना, गावागावांनी मिळून बांध सांभाळायला मंडळं काढली. राइनलँडचं मंडळ १२५५ पासूनचं आहे आणि अजून चालू आहे. तुमच्या वाट्याचा बांध तुम्ही नीट ठेवला नाही, तर पाणी शेजाऱ्याच्या घरात आधी शिरतं. त्यामुळे 'माझा काय संबंध' म्हणायची सोयच नव्हती. आज अशी २१ पाणी मंडळं आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळा कर असतो आणि त्या कराला दुसरीकडे पाय फुटत नाहीत. आमच्या शेजारणीच्या मुलीचं आइंडहोवन समुद्रापासून दूर, पंधरा-वीस मीटर उंचीवर आहे, पण तिच्या बेसिनमधलं पाणी शेवटी नदीतच जातं, ते स्वच्छ करायचा आणि नदी वाहती ठेवायचा खर्च त्या पत्रात होता. पश्चिम किनाऱ्यावर बांधांची ताकद ठरवताना त्यांनी 'दहा हजार वर्षांत एखाद्या वेळी येईल' असं वादळ धरलं. याचा अर्थ दहा हजार वर्षं निर्धास्त झोपा असा होत नाही. कोणत्याही एका वर्षात तसं वादळ येण्याची शक्यता दहा हजारांत एक, एवढंच. ते उद्याही येऊ शकतं.

बांगलादेशात बहुतेक कमाई रोखीत, नोंदीबाहेर. उद्योगांना सवलती भरपूर, कर भरणारे थोडे. मग सरकार पैसे कुठे पकडणार? जिथे माल थांबतोच तिथे, म्हणजे सीमेवर. पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर आपल्या संत्र्याचा ट्रक रांगेत उभा राहतो, तो लपू शकत नाही. त्यात २०२२ साली त्यांच्याकडे डॉलरची चणचण आली. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी 'चैनीच्या' आयातीवर जादा कर लावला. यादीत सौंदर्यप्रसाधनं, फुलं, फर्निचर आणि परदेशी फळं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बेनापोलला ते लिपस्टिकच्या पंगतीत बसलं. बागेतल्या भावाहून सीमेवरचा कर जास्त अशी अवस्था झाली.

हा कर भरतो कोण? कागदावर ढाक्याचा आयातदार. पण तो वाटून जातो. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या वाट्याला जास्त येतो. ढाक्याचं गिऱ्हाईक संत्रं महाग झालं की पेरू घेऊन घरी जातं. माझ्या मामेभावाचं फळ मात्र झाडावरून उतरलं की आठ-दहा दिवसांत विकलंच पाहिजे. कॅरेट भरून ठेवले तरी फळ वाट बघत नाही. म्हणून व्यापारी भाव पाडून बोलतो आणि ढाक्याच्या तिजोरीतला काही पैसा काटोलच्या बागेतून जातो.

आतापर्यंत बांगलादेश सगळीकडे हरतोय असं वाटेल. जगण्याच्या दर्जाकडे आलं की चित्र वेगळं दिसतं.

१९७१ साली, युद्धाच्या वेळी, लाखो निर्वासित सीमा ओलांडून बनगावला आले. संत्र्याचे ट्रक जिथे थांबतात ते पेट्रापोल याच बनगावजवळ. छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रमच्या ड्रम भरले आणि लोकांना पाजले. शेकड्याला तीस जण मरत होते, ते चारच्या खाली आले. हे द्रावण आधी ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत तपासलं गेलं होतं. पुढे १९८० पासून दहा वर्षं ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार गेल्या आणि १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत आयांना एकच गोष्ट शिकवली: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारीचा पगारही त्यावरच. नंतर दुसरी बाई येऊन तपासायची, आईला किती आठवतं, किती नीट करता येतं, आणि त्याप्रमाणे पैसे मिळायचे. नुसती भाषणं ठोकून मानधन नेता येत नव्हतं. मला विचाराल, तर ६२ दारांच्या त्या धरणाच्या तोडीचं हे काम आहे आणि याला क्रेन लागली नाही.

परिणाम बघा. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजारांतली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. आता पंचवीसच्या आसपास. नेदरलँड्समध्ये तीन-चार. सरासरी आयुष्य नेदरलँड्सचं ८२, बांगलादेशचं ७३-७४, आपल्यापेक्षा किंचित जास्तच. पैशात नऊ पट मागे, पण आयुष्यात आठ-नऊ वर्षंच मागे. १९७० च्या दशकात तिथल्या बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत, आज दोनच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात, ज्यात उत्पन्न, शिक्षण आणि आयुष्य एकत्र मोजतात, नेदरलँड्स आठव्या क्रमांकावर आहे. बांगलादेश १३० व्या. आणि भारतही १३० व्याच, आकडाही तोच, ०.६८५.

वादळांचंही तसंच. १९७० ला ३ ते ५ लाख, १९९१ ला १ लाख ४० हजारांच्या घरात, २००७ च्या 'सिडर'मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास, २०२० च्या 'अम्फान'मध्ये तीसच्या आत. वादळं सारख्या ताकदीची नव्हती, अम्फानचा मुख्य तडाखा पश्चिम बंगालला बसला, हे खरं. पण त्या वेळी वीस लाखांहून जास्त लोक आधीच निवाऱ्यात गेले होते. कारण १९७२ पासून गावोगावी स्वयंसेवक तयार केलेत, सत्तर हजारांहून जास्त. झेंडा चढवतात, भोंगा घेऊन सायकलवर फिरतात, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जातात. समुद्र अडवायला पैसा नसेल, तर माणूस हलवता येतो.

कमाईचा मोठा आधार कपडे शिवण्याचा. १९७९ साली एका बांगलादेशी कंपनीने १३० माणसं दक्षिण कोरियाला शिकायला पाठवली, तिथून हा धंदा पसरला. आज ४० लाखांच्या आसपास लोक त्यात आहेत, निम्म्याहून जास्त बाया. देशाच्या निर्यातीचा पाचातला चार हिस्सा कपडेच. कापूस तिथे जवळजवळ पिकत नाही, भारतातून गाठीच्या गाठी जातात. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या गाठीचा टी-शर्ट ढाक्यात शिवून रॉटरडॅमच्या बंदरात उतरला असेल आणि आमच्या शेजारणीच्या मुलीने तो सेलमध्ये घेतलाही असेल. या धंद्याची काळी बाजूही आहे. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा इमारत कोसळून १,१३४ कामगार मेले. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी लोकांना आत पाठवलं.

डच लोकांचं सगळं सुखाचं आहे असंही नाही. घरं मिळत नाहीत. ही मुलगी पाच महिने तीन ठिकाणी पेइंग गेस्ट राहिली. समुद्राकडची दलदलीची जमीन उपसली, ती आता खचतेय, घरांचे पाये कुजताहेत. ग्रोनिंगेनला १९५९ साली प्रचंड गॅस सापडला. त्याच्या पैशाने चलन महागलं, बाकी कारखाने अडचणीत आले. अर्थशास्त्रात याला 'डच रोग' असंच नाव पडलं. पुढे गॅस काढून काढून भूकंप व्हायला लागले आणि घरांना तडे गेले, तेव्हा ती विहीर बंद करावी लागली. नोव्हेंबरात साडेचार-पावणेपाचला अंधार. तिला सगळ्यात जास्त आठवण उन्हाची येते म्हणे. मे महिन्यात नागपूरला येऊन जा, असं मी तिला सांगितलं.

त्यांची श्रीमंती फक्त बांधांतून आली असंही लिहिता येणार नाही. १६०२ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिच्या वखारी बंगालमध्ये होत्या, चिनसुऱ्याला, ढाक्याला. मलमल, रेशीम, अफू तिथून जायचं. त्या काळी जगाला कपडा पुरवणारा मुलूख बंगाल होता आणि डच जहाजं तिथे गिऱ्हाईक म्हणून यायची. इंडोनेशिया तर त्यांनी १९४९ पर्यंत सोडला नाही. एका बाजूला आठशे वर्षांची पाणी मंडळं आणि परदेशातून आलेली संपत्ती, दुसऱ्या बाजूला दोनशे वर्षं इंग्रजांचं राज्य, १९४७ ची फाळणी, १९७१ चं युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ. आजच्या बांगलादेशचं वय माझ्याहून दोन वर्षांनी कमी आहे.

मुलीला मी पाणी मंडळाचं समजावून लिहिलं. तिने अंगठा पाठवला आणि बिल भरलं. मामेभावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे घरच्या लोकायकडून वसूल होत नाही, म्हणून आपल्या ट्रकवाल्याकडून घेऊन राहिले."

"तसंच काहीसं."

"मंग त्या पोरीच्या देशात पाठवू का माल? नारंगी रंगाचे लय शौकीन दिसतात, बॉल खेळतानी सारे नारंगी घालतात."

तो रंग फळाचा नाही, त्यांच्या राजघराण्याचा. फ्रान्समधल्या ओरांज नावाच्या गावावरून आलेला. हे सांगितलं. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून तीन-चार आठवड्यांनी रॉटरडॅमला पोचतात आणि तिथून अर्ध्या युरोपात जातात, हेही सांगितलं. पण आपल्या संत्र्याची साल सैल, आत बिया, एवढा प्रवास ते झेपवत नाही आणि बिया तिकडे कोणाला चालत नाहीत.

"म्हंजे फिरून बेनापोलच," तो म्हणाला. मागून गाडी रिव्हर्स घेतल्याचा आणि कॅरेट आपटल्याचा आवाज आला. "ठेवतो भाऊ. गाडी आली."